बारवेच्या पाण्याचा धडा

संपादकांचं पत्र आलं, की नाताळच्या अंकासाठी सेवेतले आनंदाचे प्रसंग लिहून पाठवा. आमच्या मासिकाच्या नाताळ अंकात असे प्रसंग दरवर्षी असतात. कुणाची दारू सुटलेली असते, कुणी मरणाच्या दारातून परत आलेलं असतं, आणि शेवटी सगळे मिळून गीत गातात. मीही पूर्वी तसे दोन प्रसंग लिहून दिले आहेत. त्यांतला एक पाण्याच्या धड्याचा होता. तो वाचून ज्यांचे डोळे भरून आले असतील, त्यांनी कृपा करून हेही वाचावं. कारण तो प्रसंग खोटा होता.

माझं नाव एस्तेर. मंडळीतले लोक मला एस्तेरबाई म्हणतात, गावोगावचे लोक मास्तरीणबाई म्हणत. निजामाच्या राज्यात, बीडच्या मुलखात, पंचवीस वर्षं मी घरोघर जाऊन मुलींना शिकवलं. खेड्यात मुलींसाठी शाळा नव्हती. तालुक्याला सरकारी शाळा होती ती मुलांची आणि उर्दूतली. ज्या घरांना मुलगी उंबऱ्याबाहेर पाठवायची नव्हती, पण तिला चार अक्षरं यावीत असं वाटत होतं, तिथे मिशनची बाई जाई. आठवड्यातून एकदा, छकड्यात बसून, मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन.

त्या पेटीत माझी सगळी विद्या होती. एक भिंग, एक लोहचुंबक, ताप मोजायची काचेची नळी, मेणबत्ती, दोन काचेचे पेले, थोडे शिंपले आणि गंजलेलं एक होकायंत्र. मुलींना अक्षरं आणि बेरीज-वजाबाकी आली, की सृष्टीचे पाठ सुरू व्हायचे. हल्ली शाळेत ज्याला शास्त्रविषय म्हणतात तोच, फक्त आमचा प्रत्येक पाठ वचनावर संपायचा. मेणबत्तीवर पेला उपडा घातला की ती विझते, म्हणजे हवेवाचून ज्योत नाही, म्हणजे प्रार्थनेवाचून जीव नाही. बाहेरच्यांना वाटतं, बाई आधी मेणबत्ती लावत असेल आणि मग वचन शोधत असेल. तसं नव्हतं. आधी वचन ठरायचं, आणि मग त्याला साजेल अशी वस्तू मी शोधत बसायची.

यात माझी एक खोड होती, आणि तीच मला नडली. प्रयोग फसला तर मुली हसतात, त्याचं काही नाही. पण प्रयोगाबरोबर वचनही फसलं असं त्यांना वाटेल, ही मला धास्ती. आमच्या मडमसाहेबांनी शिकवलं होतं, की प्रयोग आधी घरी करून बघा. मी त्यात आपली भर घातली. झालेला प्रयोगच मी पेटीत घालून नेऊ लागले.

पावट्याचं उदाहरण सांगते. बी मातीत मरतं आणि नव्या रूपात वर येतं, असा पाठ होता. एका घरी मी ओट्यावर मुलींच्या हातांनी कुंडीत बी पेरून घेतलं. पुढच्या आठवड्यात गेले, तर कुंडी कोरडीच. माझ्याकडे घरी रुजवलेलं रोप फडक्यात गुंडाळलेलं होतंच. मुली पाटी आणायला आत गेल्या, तेवढ्यात मी ते कुंडीत खोचलं आणि भोवतीची माती दाबली. मुली आल्या, रोप पाहून नाचल्या. त्यांतली एक मात्र खाली बसून बघत राहिली.

"बाई, माती वाळल्याली हाय की. मंग हे उगवलं कसं?"

मी म्हटलं, "देवाला काय अशक्य आहे?"

तिचं नाव गोदा. हे सगळं तिच्याबद्दलच आहे.

पण त्याआधी तहसीलदारसाहेबांच्या घरचं सांगते, म्हणजे मला कुणी सावध केलं नव्हतं असं वाटायला नको. तिथे बेगमसाहेबांच्या दोन मुलींना मी शिकवत असे. एकदा लोहचुंबकाने सुई फिरवून दाखवली आणि लगेच वचनाकडे वळले. बेगमसाहेबा सुपारी कातरत बसल्या होत्या. अडकित्ता थांबवून म्हणाल्या, "बाई, अल्ला का नाम हमना को मालूम है. पैले ये सुई कायकू फिरी, वो बोलो."

सुई का फिरते ते मला येत नव्हतं. पुढच्या आठवड्यात सांगते म्हटलं, आणि पुढच्या आठवड्यात शिंपल्यांचा पाठ घेतला. बेगमसाहेबांनी पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, विसरल्या. आता वाटतं, त्यांनी माझी पारख केली आणि सोडून दिलं.

तहसीलदारांच्या घरी बाई जाते म्हटल्यावर तेलगावच्या अलीकडच्या एका गावच्या पाटलांनीही मला बोलावलं. गोदा त्यांची मुलगी, अकरा वर्षांची, आणि तिच्याबरोबर दोन चुलतबहिणी. पाटील दिलदार होते. पण माझी जागा ओट्याच्या कडेला, वेगळ्या तरटावर. माझा बाप मिशनमध्ये येण्याआधी गावची मेलेली ढोरं ओढत असे. पाटलांना ते माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. पाणी मी माझं घेऊन जात असे, फिरकीच्या तांब्यात, मिशनच्या आडाचं. त्यांच्या घरचं पाणी मला मिळणार नव्हतं आणि मी मागणारही नव्हते.

त्या गावचं पाणी बारवेचं. पायऱ्या उतरून थेट पाण्यात जायचं आणि घागर बुडवायची. अर्धं गाव उन्हाळ्यात नारूने लंगडत असे. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, नारू म्हणजे सुतासारखा लांब किडा. तो पायाला फोड आणून बाहेर येतो, आणि त्याला काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढावा लागतो. तुटला की पाय गेलाच म्हणून समजा. पाटलांच्या घरात मात्र कुणालाच नारू नव्हता. पाटलीणबाई रांजणाच्या तोंडावर जाडं फडकं दुहेरी घालून पाणी गाळायच्या. सासूने घालून दिलेली रीत होती.

एकदा वाऱ्याने ते फडकं उडालं आणि माझ्या पायाशी येऊन पडलं. मी उचलून देणार तोच पाटलीणबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, बाई, ऱ्हाऊ द्या." मग त्यांनी ते काठीने उचललं आणि वेगळं धुवायला टाकलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तुच्छताही नव्हती. त्यामुळेच ते मला जास्त लागलं. घरी येईपर्यंत छकड्यात मी एकच गोष्ट घोळवत होते. ते फडकं आणि माझं तरट, माझ्या लेखी एकच झालं. जी रीत मला ओट्याच्या कडेला बसवते, तीच रीत पाणी गाळते, असं मी ठरवून टाकलं. माणूस तोंडात काय जातं त्याने बाटत नाही, या अर्थाचं वचन मला पाठ होतं. वचन ठरलं, आता वस्तू हवी होती, आणि ती तर समोरच होती.

इथे मला थांबून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मिशनच्या दवाखान्याने आम्हा बायांना आरोग्याचं एक पातळसं चोपडं दिलं होतं. त्यात नारूवर एक पान होतं. पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसणारे पिसवांसारखे जीव असतात, त्यांच्या पोटात नारूचं बी असतं, ते पाण्यावाटे माणसाच्या पोटात जातं आणि वर्षभराने किडा बाहेर पडतो, म्हणून पाणी जाड्या फडक्यातून गाळून प्यावं. मी ते पान वाचलं होतं, आणि पाठ तयार करताना ते उलटून पुढे गेले होते. एक तर देवाने सगळं चांगलं केलं असं शिकवायचं आणि वर नारू कशाला केला ते सांगायचं, हे मला झेपणारं नव्हतं. आणि दुसरं, त्या पानाने पाटलीणबाईंचं फडकं खरं ठरत होतं.

पाठाच्या दिवशी गोदाने बारवेचं पाणी गडूत आणलं आणि वरून माझ्या पेल्यात ओतलं. मी मुलींना भिंगातून बघायला लावलं.

"पांढरे पांढरे हायती. टणाटणा उडत्यात," गोदा म्हणाली. मग भिंग खाली ठेवून तिने रांजणाकडे पाहिलं. "बाई, आमच्या रांजणात अशे न्हाईत. मी सकाळीच पाह्यलं व्हतं. फडक्यावर ऱ्हात्यात. आन आमच्या घरी नारू पन न्हाई. ह्येच तर नसंल?"

अकरा वर्षांच्या मुलीने, कुठलं पुस्तक न वाचता, ओट्यावर बसून ते पान मला म्हणून दाखवलं. दुसरी कुठली बाई असती तर तिने पोरीला उचलून घेतलं असतं. पण माझं वचन ठरलेलं होतं. मी म्हटलं, "एका थेंबात देवाने एवढी कारागिरी केली, ती काय आपल्याला इजा करायला? कापडाने पाणी गाळून माणूस शुद्ध होत नाही, गोदे. बघ, मी पिते."

पेला घेऊन मी उजेडात भिंगाखाली थेंब धरायला म्हणून त्यांच्याकडे पाठ केली. मग वळले, आणि पेला तोंडाला लावून घटाघटा रिकामा केला. तिन्ही मुली तोंड उघडं टाकून बघत राहिल्या. नंतर मी वचन सांगितलं. तसा रंगलेला पाठ मी आयुष्यात घेतला नाही.

ती हकीकत मी लिहून मडमसाहेबांना दिली. त्यांनी ती आपल्या भाषेत करून त्यांच्या देशात पाठवली, आणि मराठीत ती या मासिकात आली. मिशनच्या सभेत मला उभं करून माझं कौतुक झालं. मी मान खाली घालून उभी राहिले, आणि लोकांना तो माझा विनय वाटला.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा पाटलांच्या ओट्यावर गेले, तर दोन्ही चुलतबहिणी बसलेल्या आणि गोदा नव्हती. आतून कण्हणं ऐकू येत होतं. पाटलीणबाई बाहेर आल्या, आणि पहिल्यांदाच मला म्हणाल्या, "बाई, आत या. पोरीला बघा."

गोदाच्या गुडघ्याशी फोड फुटला होता आणि काडीला सूत गुंडाळलेलं होतं. खाली पोटरीवर दुसरा फोड येत होता. मी चिंध्या बांधल्या, दवाखान्यातलं मलम लावलं. पाटलीणबाई माझ्याजवळ बसून बोलत होत्या. "गाळल्याल्या पान्याच्या घरात नारू कसा आला, काय कळंना. नारायनगडाचा नवस फेडायचा ऱ्हायलाय, त्येचंच हे. तसं मागच्या उन्हाळ्यात ही पोर रांजनाचं पानी पीतच नव्हती. बारवंतच वंजळीनं पेयाची. म्हनायची, बाई पेत्यात." मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "तुमी तरी हाव, बाई. लई उपकार झाले."

तेव्हा बोलले असते, तर निदान तिचं बघून बारवेचं पिऊ लागलेल्या चुलतबहिणी आणि गावातली आणखी चार माणसं नारूपासून वाचली असती. मी बोलले नाही. मी म्हटलं, "देव बरं करील."

नारू गुडघ्यात तुटला. पाय सुजला, पिकला, आणि पावसाळा संपता संपता गुडघा लाकडासारखा ताठ झाला. गोदाची माजलगावकडे सोयरीक ठरलेली होती, ती मोडली. पाटलांनी शिकवणीही बंद केली. माझ्यावर रागावून नव्हे. आता पोरीला शिकवून काय करायचं, एवढंच ते म्हणाले. दोन वर्षांनी तेलगावच्या एका बिजवराला ती दिली. पाटलांच्या गावात मी पुन्हा पाऊल टाकलं नाही. मिशनला सांगितलं, वाट लांब पडते.

देवाजवळ मी पुष्कळदा क्षमा मागितली. ते सोपं होतं. देव कुणाला जाऊन सांगत नाही.

नोकरी संपली, आमचे हे गेले, आणि मिशनची खोली रिकामी करताना पेटीच्या तळाशी ते आरोग्याचं चोपडं सापडलं. नारूचं पान कोरं करकरीत होतं. बाकीच्या पानांवर माझ्या बोटांचे डाग होते. ते चोपडं पिशवीत घातलं आणि मी तेलगावला गेले. गोदा भेटल्याला तेव्हा अठरा वर्षं झाली होती.

घर सापडायला वेळ लागला नाही. ताठ पाय पुढे पसरून ती ओसरीत सरकी वेचत बसली होती. मला लगेच ओळखलं. "बाई? तुमीच ना? या, वर या. तिकडं नगं, हितं बसा, माझ्याजवळ." तिने मला आपल्या सतरंजीवर बसवलं. मग हातांवर सरकत रांजणापाशी गेली, फडकं दुहेरी करून तांब्याच्या तोंडावर धरलं, पाणी गाळलं, आणि घरच्या पेल्यात ओतून माझ्यासमोर ठेवलं. मी तो पेला तसाच राहू दिला आणि पिशवीतून चोपडं काढलं.

"गोदे, हे पान वाच."

तिने ओळींवर बोट ठेवून सावकाश वाचलं. वाचायला मीच शिकवलं होतं. वाचून झाल्यावर विचारलं, "हे आता छापलंय का?"

"नाही. तेव्हाच होतं माझ्याकडे. मी वाचलेलं होतं. पाठाच्या आधी."

मला वाटलं, ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. दोन्हीची तयारी करून मी गेले होते. पण तिने जो प्रश्न विचारला, त्याची तयारी नव्हती.

"मंग ठावं असून तुमी कावून पेलात?"

अठरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मी स्वतःलाही विचारू दिलं नव्हतं. पण आता इथवर आले होते.

मी म्हटलं, "मी प्यायलेच नाही. तुमच्याकडे पाठ केली तेव्हा तुझं पाणी पेटीमागे ओतून दिलं, आणि पेल्यात माझ्या तांब्यातलं भरलं. मिशनच्या आडाचं, गाळून उकळलेलं. तेच प्यायले."

म्हणजे मी घरी पाणी गाळत होते. फडक्यावर राग होता तो दुसऱ्याच्या फडक्यावर. हे वाक्य तेव्हा मला म्हणता आलं नाही, आता लिहिते आहे.

गोदाने पसरलेल्या पायावरून हात फिरवला. मग हळू आवाजात म्हणाली, "मला वाटायचं, दोघीबी येकच पानी पेलो. तुमाला काय झालं न्हाई, मला झालं. म्हंजी पानी चांगलंच व्हतं. खोट माझ्यातच व्हती. कपिलधारला गेले तवा मी देवाला तेच इचारलं, की माझ्या हातून असं काय पाप झालंय." पुढे म्हणाली, "आईला मरंस्तोवर वाटलं, की तिचा नवस चुकला."

मी तिचे पाय धरायला वाकले. तिने माझा हात बाजूला केला. रागाने नव्हे, पाय दुखतो म्हणून.

मग तिने चोपडं पुन्हा उघडलं आणि ते पान पहिल्यापासून मोठ्याने वाचलं. पिसवांसारखे जीव, जाडं फडकं, सगळं. शेजारची एक बाई सरकी घेऊन आली होती, ती उभी राहून ऐकू लागली. पान संपलं तशी गोदाने चोपडं मिटून मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता वचन सांगा, बाई. धडा झाला की तुमी सांगायच्या न्हवं?"

ती चेष्टा करत नव्हती. पंचवीस वर्षं मी जिच्यातिच्यापाशी वचनं सांगत फिरले होते, शेकड्यांनी पाठ होती. त्या ओसरीत मला एकही आठवलं नाही. गोदा वाट बघत राहिली. शेवटी मी समोरचा पेला उचलला आणि प्यायले. या वेळी माझं तोंड तिच्याकडे होतं.